साठीत सापडलेला जन्मजात दोष

साठी ओलांडलेल्या माणसाला वारंवार न्यूमोनिया होतो आणि एक्स-रेवरचा डाग दर वेळी त्याच जागी, डाव्या फुप्फुसाच्या तळाशी. टीबीची तपासणी होते, कॅन्सरची धास्ती बसते. मग सीटी अँजिओग्राफीत महाधमनीतून निघालेली एक रक्तवाहिनी थेट त्या डागात शिरताना दिसते. निदान होतं पल्मनरी सिक्वेस्ट्रेशन. हे नाव १९४६ मध्ये प्राइस या डॉक्टरांनी रूढ केलं.

यात गर्भातच फुप्फुसाचा एक तुकडा वेगळा पडतो. श्वासनलिकांशी त्याची नीट जोडणी होत नाही, त्यामुळे श्वासोच्छ्वासात त्याचा उपयोग शून्य. रक्त मात्र थेट महाधमनीतून, भरपूर दाबाने. फुकट्या भाडेकरूला स्वतंत्र नळजोडणी! आत साचलेला स्राव बाहेर पडत नाही, म्हणून संसर्ग पुन्हा पुन्हा. काहींच्या खोकल्यातून रक्त पडतं. काहींना मात्र कधीच काही जाणवत नाही, म्हणून हा दोष उतारवयात योगायोगानेच सापडतो.

त्रास असेल तर तो भाग सहसा शस्त्रक्रियेने काढतात. त्याआधी ती धमनी नेमकी कुठून येते हे ठाऊक हवंच; नकळत कापली गेली तर रक्तस्राव जिवावर बेततो. पण पहिला संशय येतो तो डाग दर वेळी त्याच जागी दिसल्याने; तेव्हा जुने एक्स-रे रद्दीत टाकू नका, सगळे एकत्र डॉक्टरांसमोर ठेवा.