निळ्या ठिपक्यांचा पाकट: एक की अनेक?

अंगावर निळे ठिपके, डोळ्यांवरून मुखवट्यासारखा गडद पट्टा. असा पाकट मासा भारतापासून ऑस्ट्रेलियापर्यंत कुठेही सापडला, की लेबल ठरलेलं: निओट्रायगॉन कुह्ली. त्यातलं ‘कुह्ली’ हे १८४१ साली दिलेलं प्रजातीचं नाव दीडशेहून जास्त वर्षं चाललं. मग मायटोकॉन्ड्रियातल्या सीओआय जनुकाचा साधारण ६५० अक्षरांचा तुकडा वाचला गेला आणि एका नावाखाली बरेच वेगळे वंश निघाले. २०१६ मध्ये लास्ट, व्हाइट आणि सेरे यांनी ठिपके आणि शरीराची मापं तपासून तीन नव्या प्रजाती मांडल्या. मूळ नाव सॉलोमन बेटांकडच्या माशापुरतं उरलं. भारतातला २०१८ मध्ये निओट्रायगॉन इंडिका झाला.

पण इथे एक गोम आहे. मायटोकॉन्ड्रिया आईकडूनच येतो, त्यामुळे तो फक्त माद्यांचा इतिहास सांगतो. दोन गटांत संकर होतो का, हे बघायला केंद्रकातली जनुकंही लागतात. आणि ठिपके? ते फॉर्मलिनमध्ये फिके पडतात! म्हणून नुसता ऊतीचा तुकडा आणू नका. ताज्या माशाचा फोटो, मापं आणि जमलं तर अख्खा मासा जपा. सगळ्यांची पकड एकाच नावाखाली मोजली, तर छोट्या टापूतली एखादी प्रजाती संपत आली तरी आकड्यांत दिसत नाही.