ज्ञानेश्वरीतील कुंडलिनीयोग : प्रयोजनाचा विचार

ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातील कुंडलिनीवर्णन हा मराठीच्या पदव्युत्तर वर्गात दोन प्रकारे हाताळला जाणारा भाग आहे. एक तर त्यातील प्रतिमांची मोजदाद करून त्याला अद्भुत रसाचे उदाहरण ठरविले जाते. नाही तर तो ‘योगशास्त्रातील तांत्रिक भाग’ समजून गाळला जातो. या दोन्ही पद्धतींत एक प्रश्न विचारावयाचा राहून जातो : ही शक्ती जागी करावयाची ती कशासाठी? प्राचीन शास्त्रग्रंथांच्या आरंभी विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी असे अनुबंधचतुष्टय सांगण्याची रीत होती. कुंडलिनीयोगाच्या संदर्भात विषयाची चर्चा आपल्याकडे भरपूर झाली, प्रयोजनाची त्या मानाने फारच थोडी. वास्तविक प्रयोजन निश्चित झाल्याखेरीज त्या वर्णनातील एकाही प्रतिमेचा अर्थ नीट लागत नाही.

मूळ गीतेत कुंडलिनी हा शब्द नाही. सहाव्या अध्यायात साधकाने एकांतात राहावे, शुद्ध जागी दर्भ, मृगाजिन व वस्त्र यांचे आसन घालावे, शरीर, मान व मस्तक सरळ ठेवून नासाग्री दृष्टी लावावी, एवढाच विधी चार-पाच श्लोकांत येतो. त्याचे फळ म्हणून गीता सांगते ती निर्वाणात परिणत होणारी शांती. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० च्या सुमारास, ज्ञानदेवांनी या मोजक्या श्लोकांवर भाष्य करताना मूळबंध, जालंधरबंध आणि उड्डियानबंध (ज्ञानेश्वरीच्या भाषेत वोढियाणा) यांची रचना सांगितली, आणि मग कुंडलिनीच्या जागृतीपासून तिच्या लयापर्यंतचा सगळा प्रवास शेकडा-दीडशे ओव्यांत उभा केला. भाष्यकाराने मुळात नसलेली एवढी सामग्री घालावी, याला कारण असले पाहिजे. ते कारण त्यांच्या गुरुपरंपरेत आहे. आदिनाथ, मत्स्येंद्रनाथ, गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ ही परंपरा ज्ञानदेव अठराव्या अध्यायाच्या अखेरीस स्वतःच सांगतात. परंतु परंपरेतून सामग्री आली एवढ्याने ती गीतेच्या त्या स्थळी का आणली, हे स्पष्ट होत नाही. शांती हे गीतेने सांगितलेले फळ आणि नाथांची ही साधना यांचा सांधा ज्ञानदेवांनी कोठे जोडला, हे पाहावे लागते.

वर्णनाचा आरंभ मोहक आहे. कुंकवात न्हालेले नागाचे पिलू वेटोळे घालून निजावे, विजेचे कडे करावे, अग्निज्वाळेची घडी घालावी, अशा उपमांनी निद्रित शक्ती डोळ्यांपुढे येते. मात्र ती जागी होताच भाषा एकदम बदलते. सौंदर्यवाचक शब्द मागे पडतात आणि भुकेचे शब्द पुढे येतात. कुंडलिनी हृदयाखालचे मांस गिळते, तळहात-तळपाय सोडत नाही, नखांतील सत्त्व काढून घेते, त्वचा धुऊन हाडांना चिकटविते, आणि शेवटी सप्तधातूंचे समुद्र एका घोटात पिऊन शरीरात कडकडीत ग्रीष्म करून टाकते. नाकपुड्यांतून बारा अंगुळे बाहेर जाणारा श्वास आत ओढला जातो. इडा व पिंगळा एक होतात, तीन ग्रंथी सुटतात, सहा चक्रांचे पदर फुटतात. चक्रांचा विषय येथे असा एका ओवीत आटोपतो. त्यांच्या पाकळ्या, त्यांवरील अक्षरे, त्यांच्या अधिदेवता यांची यादी ज्ञानदेव देत नाहीत. आज कुंडलिनी म्हटले की प्रथम ज्या रंगीत चक्रचित्रांची आठवण होते, ती येथे शोधणाऱ्याची निराशा व्हावी.

ज्ञानदेव तपशील देतात तो खाण्याचा, आणि यातच प्रयोजनाची पहिली खूण सापडते. जी शक्ती साधकाला काही देण्यासाठी जागी केली जाते असे समजले जाते, ती प्रथम त्याच्याजवळचे सर्व काही नेते. भूक भागल्यावर ती सुषुम्नेपाशी शांत होते. तिच्या मुखातून बाहेर पडणारे गरळ हेच अमृत होऊन प्राणाला जगविते. मग वरचे चंद्रामृताचे तळे कलंडून तिच्या मुखात मिळते. त्यानंतर जुनी त्वचा कोंड्यासारखी झडते आणि नवे शरीर प्रकटते. स्फटिक, केशर, संध्याकाळच्या आभाळाचे रंग, सोनचाफ्याची कळी अशा उपमांची येथे अक्षरशः रांग लागते. म्हातारपण मागे फिरते, बालदशा परत येते, त्या देहाला पाहून काळही भितो.

बहुतेक वाचक येथे थांबतात, आणि थांबावे असाच हा मजकूर आहे. हा नवा देह म्हणजेच साधनेचे फळ, असा समज त्यातून सहज होतो. हठयोगाच्या ग्रंथपरंपरेत या समजाला आधारही आहे. स्वात्मारामाची हठप्रदीपिका ज्ञानेश्वरीनंतर सुमारे दीड शतकाने, पंधराव्या शतकात सिद्ध झाली. तिच्या आरंभी हठविद्या ही केवळ राजयोगासाठी सांगितली आहे अशी प्रतिज्ञा आहे. पण लगेच पुढे ज्या महासिद्धांची नामावळी येते, त्यांचे वैशिष्ट्य म्हणून काळाचा दंड मोडून ब्रह्मांडात संचार करणे हेच सांगितले आहे. एकाच ग्रंथात, आणि तेही पहिल्याच उपदेशात, दोन प्रयोजने अशी शेजारी शेजारी नांदतात : समाधी आणि मृत्युंजय देह. स्वात्मारामाला त्यांत विसंगती वाटत नाही. नाथपंथीय साहित्यात कायासिद्धीचे आकर्षण किती खोल होते, हे रा. चिं. ढेरे यांच्या नाथसंप्रदायविषयक लेखनातूनही दिसते.

ज्ञानदेवांनी या दोन प्रयोजनांत निवड केली आहे. ती कोठे केली हे समजण्यासाठी ओव्यांचा क्रम लक्षपूर्वक पाहावा लागतो. देहाच्या नवलाईनंतर सिद्धी येतात. समुद्रापलीकडचे दिसणे, स्वर्गातील विचारविनिमय ऐकू येणे, मुंगीचे मनोगत कळणे, पाण्यावरून पाऊल न भिजता चालणे एवढे जेमतेम दोन ओव्यांत सांगून, अशा पुष्कळ सिद्धी प्रसंगाने येतात असे म्हणून ते पुढे निघतात. ‘प्रसंगाने’ हा शब्द महत्त्वाचा आहे. शास्त्रीय परिभाषेत प्रासंगिक म्हणजे मुख्य फळाबरोबर ओघाने येणारे, प्रयत्नाचा विषय नसलेले. नखांच्या तेजावर ओवी खर्च करणारा कवी सर्वज्ञतेला दोन ओव्यांत निरोप देतो, तेव्हा तो त्याचा घाईचा दोष नसून त्याचे मूल्यमापन असते.

यानंतर प्रवास पुन्हा सुरू होतो, आणि पहिल्या भागातील भूक येथे वेगळ्या पातळीवर परत येते. कुंडलिनी हृदयात शिरते. पृथ्वीला पाणी विरविते, पाण्याला तेज जिरविते, तेजाला वायू हरवितो. जो देह एवढ्या कौतुकाने नवा केला, तोच पुन्हा भूताभूताने गिळला जातो. मग कुंडलिनी हे नावदेखील जाते आणि मारुत हे नाव येते. तिचे शक्तिपण मात्र शिवात मिळेपर्यंत टिकते. शेवटी ते शक्तिपणही सरते, आकाशात आकाश मिळून जावे तशी स्थिती होते, आणि तिचे वर्णन करू जाणारी वाणी माघारी फिरते. साधनेचे साधन, साधकाचा देह, शक्तीचे नाव आणि अखेर वर्णन करणारी भाषा असे चार लय येथे एकामागून एक येतात. गीतेतील निर्वाणरूप शांतीचा सांधा जुळतो तो येथे. कुंडलिनी जागी करावयाची ती अखेर कुंडलिनी उरू नये म्हणून. नवा देह हा या वाटेवरचा मुक्काम आहे, आणि मुक्काम जितका रमणीय तितकी तो सोडण्याची कसोटी कठीण, हे त्या उपमांच्या रांगेचे खरे कार्य होय. ती रांग गाळली तर लयाला किंमत उरत नाही. तिच्यावरच थांबले तर लय दिसत नाही.

पिंडाने पिंड गिळण्याची ही क्रिया नाथांच्या सांकेतिक भाषेतले गुह्य आहे, असे ज्ञानदेव स्वतः बजावतात, आणि लगेच सांगतात की आपण त्या ध्वनित अर्थाच्या मालाची गाठोडी सोडून, घडी झाडून, श्रोत्यांना गिऱ्हाईक जाणून ती पसरून दाखविली आहे. गुरूने शिष्याच्या कानात सांगावयाची वस्तू बाजारपेठेच्या भाषेत, देशीत, सभेपुढे उलगडली जात आहे. या धाडसाचा संबंध प्रयोजनाशी आहे. मृत्युंजय देह मिळविण्याची गुप्त विद्या म्हणून ही साधना सांगावयाची असती, तर ती अशी उघडता आली नसती, आणि उघडण्याचे कारणही नव्हते. ती अहंतेच्या लयाची प्रक्रिया म्हणून सांगावयाची असल्यामुळेच ती जो साधना करणार नाही त्या श्रोत्यालाही ऐकविण्याजोगी ठरते.

अशा श्रोत्याची बाजू अर्जुनच मांडतो. हे सर्व ऐकून तो विचारतो की, यासाठी काही विशेष योग्यता लागते काय? त्याला मिळणारे उत्तर व्यवहारी आहे : योग्यता ही प्राप्तीवरून कळावयाची गोष्ट आहे, थोडा विरक्त आणि देहधर्मांत नियमित असलेला माणूस अधिकारी का नव्हे? अनुबंधचतुष्टयातील ‘अधिकारी’ येथे जातिकुळावरून नव्हे, तर आचरणावरून ठरतो.

या ठिकाणी बाराव्या अध्यायाची अडचण उभी राहते. व्यक्त आणि अव्यक्त उपासनेचा विचार करताना ज्ञानदेव पुन्हा योग्यांचे चित्र काढतात. तेच वज्रासन, तेच बंध, तीच कुंडलिनीची ज्योत. पण येथे निष्कर्ष असा की, योगाच्या बळाने भक्तापेक्षा अधिक असे काही पदरात पडत नाही. अधिक असतात ते कष्टच. दात नसलेल्या माणसाला लोखंडाचे चणे खावे लागले, तर त्याने पोट भरेल की प्राण जाईल, असा उपहासाकडे झुकणारा दृष्टान्तही येतो. पंथराज म्हणून गौरविलेल्या मार्गाची ही गत पाहून अभ्यासक बुचकळ्यात पडले, यात नवल नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भारद्वाजांनी ज्ञानेश्वरीकर्ता आणि अभंगकर्ता असे दोन ज्ञानदेव मानले. त्यांच्या प्रतिपादनामागे ज्ञानेश्वरीतील शैव-नाथ वळण आणि अभंगांतील विठ्ठलभक्ती यांत दिसलेले अंतर होते. तथापि योग आणि भक्ती यांतील ताण हा दोन ग्रंथांमधला नसून एकाच ग्रंथाच्या सहाव्या व बाराव्या अध्यायांमधला आहे. त्यासाठी दोन कर्ते मानावयाचे, तर ज्ञानेश्वरीचेच दोन तुकडे करावे लागतील.

प्रयोजन नजरेसमोर ठेवले म्हणजे हा विरोध राहत नाही. बाराव्या अध्यायात फळ नाकारलेले नाही. फळ एकच असल्याचे सांगून किंमत मोजली आहे. देहसिद्धी हेच कुंडलिनीयोगाचे प्रयोजन असते, तर भक्ताला जे मिळत नाही असे काही तरी योग्याला मिळते, हे ज्ञानदेवांना मान्य करावे लागले असते. ते त्यांना मान्य नाही. दोन्ही अध्यायांतील खाण्याच्या प्रतिमाही एकमेकींशेजारी ठेवून पाहाव्यात. सहाव्यात शक्ती खाते आणि साधक खाल्ला जातो. बाराव्यात साधकच खावयास बसतो आणि त्याच्या वाट्याला लोखंडाचे चणे येतात. कष्ट आहेत ते देहाभिमान धरून निराकाराला गाठू पाहणाऱ्याचे, आणि गीतेचा मूळ श्लोकही देहवंतांनाच ती वाट दुःखाची म्हणतो.

विसाव्या शतकात कुंडलिनीची प्रयोजने बदलली, याची येथे केवळ नोंद पुरे. पूर्णानंदांचे सोळाव्या शतकातील षट्चक्रनिरूपण जॉन वुड्रॉफ यांनी १९१९ साली ‘सर्पेंट पॉवर’ या ग्रंथातून इंग्रजी वाचकांपुढे ठेवले आणि चक्रांची आकृती जगभर पोहोचली. इकडे लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधामाची स्थापना करून योगक्रियांची प्रयोगशाळेत तपासणी सुरू केली. आरोग्य, मनःशांती, सुप्त सामर्थ्याचा विकास ही प्रयोजने आपापल्या जागी रास्त असतील. परंतु त्यांची भाषा घेऊन सहावा अध्याय वाचला की भूक, ग्रास आणि लय हे त्यातील कणखर शब्द अवघडल्यासारखे होतात. मज्जातंतू आणि ग्रंथी यांच्या परिभाषेत त्यांचे स्पष्टीकरण करणारी मराठी पुस्तके नेमकी याच शब्दांपाशी मोघम होतात.

ज्ञानदेवांना अभिप्रेत असलेला विवेक वारकरी परंपरेने चांगदेवांच्या कथेत जपून ठेवला आहे. योगबळाने चौदाशे वर्षे आयुष्य वाढविलेला, वाघावर बसून भेटीस निघालेला हा सिद्ध ज्ञानदेवांना पत्र लिहावयास बसतो आणि मायना काय लिहावा हे न सुचून कोरा कागद पाठवितो. कथेतील वर्षांचा आकडा इतिहासाचा नव्हे, हे उघड आहे. पण त्या आकड्यातच कथेचा रोख आहे. काळाला फसविण्याची सिद्धी पुरेपूर असूनही ज्याची अहंता शाबूत राहिली, असा हा योगी आहे. त्याला उत्तरादाखल लिहिलेल्या पासष्ट ओव्यांत ज्ञानदेव कोणतेही आसन सांगत नाहीत, बंध सांगत नाहीत, कुंडलिनीची वाट दाखवीत नाहीत. तेथे सगळे निरूपण एकाच वस्तूचे आहे : पाहणारा, पाहणे आणि पाहिले जाणारे यांत जिच्यामुळे भेद भासतो, तरी जी स्वतः दुभंगत नाही. आणि परंपरा सांगते की, या वृद्ध योग्याने पुढे गुरू केले ते मुक्ताबाईंना.