वसंतराव देशपांडे

डॉ. वसंतराव बाळकृष्ण देशपांडे (२ मे १९२०, मूर्तिजापूर – ३० जुलै १९८३, पुणे) हे हिंदुस्तानी शास्त्रीय संगीताचे गायक आणि मराठी संगीत रंगभूमीवरील गायक-नट होते. ख्यालाची मैफल, संगीत नाटक आणि भावगीत या तिन्ही क्षेत्रांत त्यांनी गायन केले. ‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकातील खाँसाहेबांच्या भूमिकेमुळे ते महाराष्ट्रभर ओळखले जाऊ लागले. कोणत्याही एका घराण्याच्या चौकटीत न बसणारी गायकी हे त्यांचे वैशिष्ट्य मानले जाते.

बालपण आणि शिक्षण

वसंतरावांचे बालपण नागपुरात आईच्या छत्राखाली गेले. संगीताचे प्राथमिक शिक्षण त्यांना तेथे शंकरराव सप्रे यांच्याकडे मिळाले. भालजी पेंढारकर यांच्या ‘कालियामर्दन’ (१९३५) या चित्रपटात त्यांनी कृष्णाची भूमिका केली. मामांबरोबर ते लाहोरला गेले असता असद अली खाँ यांच्याकडे त्यांना शिकायला मिळाले. तेथे आत्मसात केलेला मारवा हा राग पुढे त्यांच्या मैफलींची ओळख बनला. नंतरच्या काळात किराणा घराण्याचे सुरेशबाबू माने, भेंडीबाजार घराण्याचे अमान अली खाँ आणि ग्वाल्हेर परंपरेतील रामकृष्णबुवा वझे यांचेही मार्गदर्शन त्यांना लाभले. मास्टर दीनानाथ मंगेशकर यांच्या आक्रमक, तेजस्वी गायनाचा त्यांच्यावर खोल प्रभाव होता.

नोकरी आणि गायन

वसंतराव पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरीला होते. गायनाचा व्यासंग आणि नोकरी दोन्ही त्यांनी दीर्घकाळ सांभाळले. ईशान्य सीमाभागात झालेल्या बदलीमुळे पुणे-मुंबईच्या मैफलींपासून त्यांना दूर राहावे लागले. ज्या वयात गायकाचे नाव स्थिरावते ती वर्षे अशा रीतीने कचेरीत गेली. अनेक गुरूंकडून विद्या घेतल्यामुळे एका घराण्याचा वारसदार म्हणून त्यांची ओळख नव्हती आणि घराण्याला महत्त्व देणाऱ्या श्रोतृवर्गात त्यांना मान्यता मिळण्यास वेळ लागला. पुढे नोकरी सोडून त्यांनी पूर्णवेळ गायन पत्करले.

‘कट्यार काळजात घुसली’

पुरुषोत्तम दारव्हेकर लिखित या नाटकाचा पहिला प्रयोग २४ डिसेंबर १९६७ रोजी झाला. त्या वेळी वसंतरावांचे वय ४७ होते. नाटकाचे संगीत जितेंद्र अभिषेकी यांचे असून निर्मिती ‘नाट्यसंपदा’ या संस्थेची होती. राजगायकाच्या पदावरून दोन घराण्यांत होणारा संघर्ष हा नाटकाचा विषय आहे. वसंतरावांनी त्यात खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले ही भूमिका केली. आपली विद्या परक्याच्या हाती जाऊ नये म्हणून जपणारा हा कलावंत आहे. चार ठिकाणांहून विद्या मिळवलेल्या गायकाने घराण्याच्या अभिमान्याची ही भूमिका केली, हा या प्रयोगातील लक्षणीय विरोधाभास होय.

मैफलीत गायक एक राग तासभर विस्तारू शकतो. रंगभूमीवर मात्र पद काही मिनिटांत पूर्ण करावे लागते आणि त्यातील प्रत्येक तान पात्राच्या मनःस्थितीला पूरक असावी लागते. ‘कट्यार’मध्ये ‘घेई छंद मकरंद’ हे पद दोन घराण्यांच्या दोन वेगळ्या चालींत ऐकू येते. त्यामुळे पात्रांमधला संघर्ष संवादांइतकाच गायनातूनही व्यक्त होतो. वेगवान ताना, अनपेक्षित लयकारी आणि उर्दू वळणाचे उच्चार यांमुळे वसंतरावांचे खाँसाहेब विशेष लोकप्रिय झाले.

मैफल, भावगीत आणि अभ्यास

वसंतराव ख्यालाबरोबर ठुमरी, दादरा, गझल आणि नाट्यपदेही गात. तबल्यावरही त्यांचे प्रभुत्व होते. लयीशी खेळण्याची त्यांची सवय त्यातून आलेली दिसते. वा. रा. कांत यांच्या कवितेला श्रीनिवास खळे यांनी दिलेल्या चालीतील त्यांचे भावगीत आजही ऐकले जाते. ‘अष्टविनायक’ (१९७९) या चित्रपटातही त्यांनी गायन केले. ‘मराठी नाट्यसंगीताची वाटचाल’ या सप्रयोग कार्यक्रमात जुन्या गायक-नटांच्या शैली स्वतः गाऊन दाखवत ते त्यांतील फरक श्रोत्यांना समजावून देत. पु. ल. देशपांडे हे त्यांचे निकटचे स्नेही आणि त्यांच्या गायनाचे चाहते होते.

सन्मान आणि वारसा

१९८२ मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमी पुरस्कार मिळाला. त्यानंतर वर्षभरातच त्यांचे निधन झाले. नागपुरातील डॉ. वसंतराव देशपांडे सभागृहाला त्यांचे नाव देण्यात आले आहे, तर पुण्यात त्यांच्या स्मरणार्थ ‘वसंतोत्सव’ हा संगीत महोत्सव होतो. त्यांचे नातू राहुल देशपांडे हेही गायक आहेत. २०१५ च्या ‘कट्यार काळजात घुसली’ या चित्रपटात खाँसाहेबांच्या पदांना राहुल यांनी आवाज दिला आणि २०२२ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘मी वसंतराव’ या चरित्रपटात आजोबांची भूमिका केली.