काचबिंदूचे ऑपरेशन : दाब उतरतो, गेलेली नजर परतत नाही

सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ४३ लाख १७ हजार होती. त्यात चाळिशी ओलांडलेले १२ लाख धरले आणि त्यांच्यात काचबिंदूचे प्रमाण दोन ते तीन टक्के मानले, तर रुग्णांचा आकडा २४ ते ३६ हजारांवर जातो. हा ढोबळ हिशेब झाला, मोजणी नव्हे. पण यातल्या बहुतेकांना आजाराचा पत्ताच नसणार. चेन्नई ग्लॉकोमा स्टडीत तमिळनाडूच्या खेड्यांत ओपन अँगल काचबिंदूचे जे रुग्ण सापडले, त्यांतल्या ९८ टक्क्यांहून अधिक जणांचे निदान आधी झालेले नव्हते.

म्हणूनच अनेक जण ओपीडीत येतात तेव्हा बाजूची नजर बरीच गेलेली असते. त्यातून मोतीबिंदूचे ऑपरेशन घरोघरी पाहिलेले असते : पट्टी सुटली की स्वच्छ दिसते. काचबिंदूत तसे होत नाही. दाबामुळे मेलेली दृष्टिमज्जा पुन्हा जिवंत होत नाही. ऑपरेशन करायचे ते उरलेली नजर राखण्यासाठी.

दाब किती उतरतो?

डोळ्याचा दाब साधारणपणे पाऱ्याचे १० ते २१ मिलिमीटर असतो. ट्रॅबेक्युलेक्टमी या काचबिंदूच्या ऑपरेशनात बुबुळाच्या वरच्या कडेला, पापणीखाली झाकली जाईल अशी बारीक झडप करतात. तिथून आतले पाणी डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ पारदर्शक पडद्याखाली झिरपते आणि छोटा फुगवटा तयार होतो. वाट बुजू नये म्हणून मायटोमायसिन हे औषध लावतात.

ब्रिटनमध्ये काचबिंदू बळावलेल्या ४५३ रुग्णांच्या चाचणीत दोन वर्षांनी ऑपरेशन झालेल्यांचा सरासरी दाब १२.४ होता, तर औषधांपासून उपचार सुरू केलेल्यांचा १५.१. हा फरक लहान नाही. अमेरिकेतल्या एका दीर्घ अभ्यासात ज्यांचा दाब प्रत्येक तपासणीत १८ च्या खाली राहिला, त्यांची बाजूची नजर सरासरीने टिकून राहिली.

कायमचा इलाज आहे का?

नाही. आधी ऑपरेशन झालेल्या २१२ डोळ्यांच्या अमेरिकी चाचणीत पाच वर्षांत ट्रॅबेक्युलेक्टमी ४६.९ टक्के, तर पाणी बाहेर काढणारी नळी बसवण्याचे ऑपरेशन २९.८ टक्के डोळ्यांत अपयशी ठरले. पहिलेच ऑपरेशन असलेल्यांच्या दुसऱ्या चाचणीत मात्र एका वर्षाचे चित्र उलटे निघाले : ट्रॅबेक्युलेक्टमी ७.९ टक्के, नळी १७.३ टक्के अपयशी. म्हणजे कोणते ऑपरेशन बरे, हे डोळ्याच्या पूर्वेतिहासावर ठरते. डॉक्टरांना सरळ विचारावे, ‘माझ्या डोळ्याचा दाब किती आणि तो किती खाली आणायचा आहे?’ उत्तर फाइलवर लिहून घ्यावे.

घरी गेल्यावर

पहिले काही आठवडे नजर धूसर राहते, फेऱ्याही जास्त होतात. टाके सैल करणे, दाब पाहणे याच काळात चालते. बरे वाटले म्हणून फेरी चुकवू नये. वाकून ओझे उचलणे, डोळा चोळणे टाळावे. यंत्रमागावर काम करणाऱ्यांनी सुताच्या धुळीपासून डोळा जपावा. ज्यांच्या डोळ्यात फुगवटा आहे, त्यांनी पंढरीला गेल्यावर चंद्रभागेत डोके बुडवून डुबकी घेऊ नये. जंतुसंसर्गाचा धोका वर्षानुवर्षे राहतो. डोळा लाल झाला, दुखला, चिकटू लागला किंवा अंधुक दिसले, तर मेडिकलमधून थेंब न आणता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. ऑपरेशनला दहा वर्षे झाली असली तरीही.