टाकी किती लिटरची, हा दुसरा प्रश्न

नाशिकला अंबड-सातपूरच्या एमआयडीसीत नवा गाळा घेतलेला माणूस कॉम्प्रेसरच्या दुकानात शिरला की आधी विचारतो, "किती एचपी? टाकी केवढी?" खरे तर आधी सांगायला हवे ते आपले काम: त्याला हवा किती लागते आणि सलग किती वेळ.

दाब वेगळा, हवा वेगळी

द्राक्षबागेतला फवारणीचा ब्लोअर पाने उलटीपालटी करतो, पण त्याने सायकलची ट्यूब फुगणार नाही. हवा मुबलक, दाब नाममात्र. महामार्गावरच्या पंक्चरवाल्याचे उलटे. ट्रकच्या टायरला शंभरच्या वर पीएसआय लागतात, हवा मात्र बेताची. दाब पीएसआय किंवा बारमध्ये मोजतात (१ बार म्हणजे सुमारे १४.५ पीएसआय), हवा सीएफएममध्ये, म्हणजे मिनिटाला किती घनफूट.

हिशेब

अर्धा इंची इम्पॅक्ट गन थांबून थांबून चालते, तिला सरासरी ४-५ सीएफएम पुरतात. रंगाची गन ८ ते १२ खाते, तेही सलग. पिस्टन कॉम्प्रेसर ७ बारला दर एचपीमागे साधारण ३-४ सीएफएम देतो. म्हणजे रंगकामाला ३ एचपीही काठावरच. माहितीपत्रकावरचा 'डिस्प्लेसमेंट'चा मोठा आकडा सोडा, 'फ्री एअर डिलिव्हरी', म्हणजे प्रत्यक्षात मिळणारी हवा, विचारा. वर पाव हिस्सा जास्त धरा. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, इथली हवा मुळातच थोडी विरळ.

टाकी हवा साठवते, तयार करत नाही. मोठ्या टाकीवर लहान मोटर बसवली, तर पहिला दरवाजा झकास रंगतो, दुसऱ्याला गन धापा टाकते.

पिस्टन की स्क्रू

पिस्टनला विश्रांती लागते. गॅरेजला तो उत्तम. सीएनसी मशीन पाळ्यांमध्ये चालत असतील, तर स्क्रू घ्या. मात्र दिवसातून तासभरच काम असेल, तर स्क्रू नको. तेल पुरते तापत नाही आणि त्यात पाणी साचते.

पावसाळा

दमट हवा दाबली की पाणी सुटतेच. टाकीखालचा ड्रेन कॉक रोज उघडा. रंगकामाला ड्रायरही हवा. दातांच्या दवाखान्यात ऑइल-फ्रीच.

खरेदीआधी

'हवा पुरत नाही' म्हणून मोठा कॉम्प्रेसर घेण्याआधी सुट्टीच्या दिवशी सगळी यंत्रे बंद ठेवून जुनाच चालवून बघा. कोणी हवा वापरत नसताना तो पुन्हा पुन्हा चालू होत असेल, तर साबणाचे पाणी घेऊन पाइपाचे सांधे तपासा. ७ बारला ३ मिलिमीटरचे एक भोक २० सीएफएमहून जास्त हवा गिळते.