व्यवहार न थांबवता यंत्रणा बदलताना

पैनगंगेच्या दक्षिणेला तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा लागतो. जैनथ, बेला या सीमेलगतच्या भागात अनेक घरांत मराठीच बोलली जाते आणि शेतात कापूस असतो. दिवाळीच्या सुमारास बाजार समितीत गाड्या लागतात. काटा झाला, पट्टी हाती आली, की शेतकऱ्याचं लक्ष बँक खात्याकडे.

बँकाबँकांतून पैसे नेणारी एनईएफटी १६ डिसेंबर २०१९पासून, तर दोन लाख व त्यावरच्या रकमांची आरटीजीएस १४ डिसेंबर २०२०पासून चोवीस तास सुरू आहे. पूर्वी दुरुस्तीला रात्र मिळायची, आता तीही नाही. मग सॉफ्टवेअर बदलायचं कधी?

अशा सेवा एका सर्व्हरवर न ठेवता अनेकांच्या गटावर, म्हणजे क्लस्टरवर चालवतात. पंगत न उठवता एकेक वाढपी बदलावा, तसं इथं करता येतं. एका सर्व्हरकडे नवी कामं पाठवणं थांबवायचं, हातातली पूर्ण होऊ द्यायची, नवी आवृत्ती बसवून तपासायची, त्याला परत गटात घ्यायचं आणि मगच पुढच्याला हात लावायचा. तिघांच्या गटात दोघांचं बहुमत कायम राहायलाच हवं, आणि मुख्य सर्व्हर त्या बहुमतानंच ठरायला हवा. नाहीतर संपर्क तुटलेले दोन सर्व्हर स्वतःलाच मुख्य समजतील आणि एकाच खात्याच्या दोन वेगळ्या शिलका तयार होतील. मुख्य सर्व्हरची पाळी शेवटी. त्याची जबाबदारी दुसऱ्याकडे जाताना पडणारा खंड, तयारी नीट असेल तर, काही सेकंदांचा असतो.

खरी कसोटी डेटाबेसची. जुनी आणि नवी आवृत्ती काही काळ एकत्र चालतात, तेव्हा दोघींनाही तोच तक्ता वाचता आला पाहिजे. म्हणून नवा रकाना आधी जोडतात, जुना सगळे सर्व्हर बदलल्यावरच काढतात. घाई केली तर परतीची वाट बंद.

तरीही कधी थांबावंच लागतं. आरटीजीएस अधिक भक्कम करण्यासाठी आणि आपत्तीतून ती लवकर सावरावी यासाठी रविवार, १८ एप्रिल २०२१ रोजी मध्यरात्रीपासून दुपारी दोनपर्यंत ती बंद ठेवली. एनईएफटी तेव्हा चालू होती. तिचं काम २३ मेच्या रविवारी झालं, तेव्हा आरटीजीएस चालू राहिली. पर्याय खुला ठेवणारी आणि आधी जाहीर केलेली ही आखणी मला आदर्श वाटते.

सीमाभागातल्या बँकांना एकच विनंती: सेवा बंद राहणार असेल, तर त्याची सूचना तेलुगूबरोबर मराठीतही, आठवडाभर आधी, बाजार समितीच्या फलकावर लावावी.