फेब्रुवारीतली हिरवाई पानांची नव्हे

थंडी सरताना टेकडीवरची बहुतेक झाडं बोडकी असतात आणि मधेच एखादं पोपटी झुपक्यांनी भरलेलं दिसतं. ‘याला लवकर पालवी फुटली,’ असं म्हणत लोक पुढे जातात. झाड असतं वावळाचं, आणि ती पालवी नसतेच. ती फळं असतात.

वावळाची पानगळ हिवाळ्यात होते. जानेवारी-फेब्रुवारीत निष्पर्ण फांद्यांवर बारीक, पाकळ्या नसलेली फुलं येतात; ती सहसा कुणाच्या नजरेत भरत नाहीत. लगेच फळं धरतात. फळ म्हणजे इंचभर व्यासाची चपटी चकती, मधोमध बी आणि भोवती कागदासारखा पंख. हिंदीत या झाडाला ‘पापडी’ म्हणतात, ते या चकत्या पाहून पटतंच. पुढे त्या वाळून पिवळट होतात आणि उन्हाळी वाऱ्यावर गिरक्या घेत लांब जाऊन पडतात. खरी पालवी त्या सुमारास येते.

‘एल्म म्हणजे विलायती झाड’ हाही समज पक्का आहे. वावळ एल्मच्याच कुळातला आणि अस्सल देशी. वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबर्गने त्याला थेट एल्मच्या ‘उल्मस’ या प्रजातीतच घातलं होतं. १८४८ साली फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ प्लांशोंने त्याच्यासाठी ‘होलोप्टेलिया’ ही वेगळी प्रजाती केली. युरोपातल्या एल्मच्या पानांना करवतीसारखे दाते असतात, वावळाच्या पानाची कड सलग. त्याच्या शास्त्रीय नावातल्या ‘इंटेग्रिफोलिया’ या शब्दाचा अर्थही तोच. पण रोपाची पानं मात्र दातेरी असतात, तिथे भले भले फसतात!

संस्कृत नावांनी आणखी घोळ घातला आहे. ‘चिरबिल्व’ म्हणून हा बेल नव्हे, ‘पूतिकरंज’ म्हणून करंजही नव्हे. बेलाचं पान त्रिदली, करंजाचंही संयुक्त. वावळाचं साधं, एकेकटं, फांदीवर आलटून-पालटून येणारं. ‘पूति’ म्हणजे दुर्गंधी, ती मात्र खरी. पान चुरगाळलं की उग्र वास हाताला चिकटतो. ओळख पटवायला मला तरी हीच खूण सगळ्यात सोपी वाटते. खोड राखाडी असतं, जुन्या झाडाच्या सालीचे खपले निघतात.

वासामुळे झाड विषारी ठरवणाऱ्यांनी खेड्यातल्या मुलांना विचारावं. चकतीचा पंख चोळून काढायचा आणि आतलं बी खायचं, हे त्यांना पाठ असतं. त्रास होतो तो परागकणांचा. ते वाऱ्यावर पसरतात, आणि उत्तर भारतात वसंतातल्या ॲलर्जीच्या कारणांत वावळाचं नाव ठळक आहे.